विश्लेषण : चांगला अक्रोड नेमका ठरतो कसा?

सुकामेव्याच्या दुकानात काश्मिरी अक्रोडाशेजारी आता कॅलिफोर्निया आणि चिलीचा अक्रोडही दिसतो. एकसारखा आकार, आत फिकट रंगाचा भरीव गर. काश्मिरी अक्रोडाच्या चवीला चाहते आहेत. पण एकाच किलोतील दोन अक्रोड सारखे निघतील याची खात्री नसते. असे का होते आणि त्यावर वाणनिवडीचा उपाय कसा चालतो?

प्रत्येक झाड वेगळे का?

अक्रोडाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले येतात. मात्र ती बहुधा वेगवेगळ्या वेळी उमलतात. त्यामुळे पराग बाहेरच्या झाडाचा येतो आणि बीपासून वाढलेले झाड मूळ झाडासारखे निघत नाही. काश्मीरमध्ये पिढ्यान् पिढ्या बियांपासूनच लागवड झाली. म्हणून एका झाडाचा ‘कागजी’ अक्रोड हाताने फुटतो, तर शेजारच्या झाडाच्या अक्रोडाला हातोडी लागते. व्यापाऱ्याला अडचणीची वाटणारी ही विविधता संशोधकांसाठी मात्र खजिना आहे.

फळात काय तपासतात?

आकार मोठा म्हणजे अक्रोड चांगला, असे नाही. समजा, १८ ग्रॅमच्या अक्रोडात ६ ग्रॅम गर निघाला, तर गराचे प्रमाण ३३ टक्के. १२ ग्रॅमच्या अक्रोडातही तेवढाच गर असेल, तर ते ५० टक्के. दुसरा वाण सरस. याशिवाय कवचाची जाडी, दोन शकलांचा सांधा, गर अख्खा सुटतो का, तो भरलेला आहे की सुरकुतलेला आणि त्याचा रंग किती फिकट, हे पाहिले जाते. कवच फार पातळ किंवा सांधा सैल असेल तर वाहतुकीत अक्रोड उघडतो, कीड शिरते, गर खवट होतो.

एका हंगामात निकाल का नाही?

कडक ऊन किंवा काढणीतील उशीर यामुळे गर काळवंडतो. हा दोष वाणाचा की त्या वर्षाचा, हे कळण्यासाठी अनेक हंगामांच्या नोंदी लागतात. त्यानंतर निवडलेल्या झाडाची कलमे करून ती वेगवेगळ्या ठिकाणी तपासावी लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रसिद्ध ‘चँडलर’ हा वाण १९६०च्या दशकातील संकरातून निघाला. तो लागवडीसाठी १९७९मध्ये आला.

फळ उत्तम, पण झाडाचे काय?

जुन्या झाडांना फळे मुख्यतः फांदीच्या टोकाला येतात. ‘चँडलर’मध्ये बाजूच्या डोळ्यांवरही येतात, त्यामुळे झाड लवकर आणि भरपूर फळते. त्याला पालवी उशिरा फुटते, त्यामुळे वसंतातील गोठवणाऱ्या थंडीतून ते बरेचदा वाचते. झाडाच्या उंचीचा प्रश्न तर जिवाशी निगडित आहे. काश्मीरमध्ये उंच झाडांवर चढून काठीने अक्रोड झोडपताना मजूर पडून दगावल्याच्या बातम्या हंगामात येतात.

आता पर्याय कोणता?

श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेने स्थानिक झाडांतून निवडलेले वाण दिले आहेत. अडचण कलमांची आहे. अक्रोडाचे कलम जुळायला सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमान लागते. थंड खोऱ्यात त्यासाठी पॉलीहाऊस उभारावे लागते. कलमे कमी, म्हणून बागा बदलण्याचा वेगही कमी. दुसरीकडे, सगळीकडे एकच परदेशी वाण लावला आणि जुनी झाडे गेली, तर चव, थंडी सोसण्याची ताकद असे त्यांचे गुणही जातील. म्हणूनच जुने झाड काढण्याआधी त्याच्या फळाची तपासणी होणे महत्त्वाचे ठरते.