शर्यत कोण जिंकतो : घोडा की जॉकी?

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्यापुढे जुगार उभा राहतो आणि विषय तेथेच संपतो. पण पैशाचा भाग वगळला तर तिच्यात शक्तीच्या हिशेबाचा एक मोठा रंजक प्रश्न दडलेला आहे. त्याचाच येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

शर्यतीचा घोडा ताशी साठ किलोमीटरहूनही अधिक वेगाने धावतो. मात्र हा वेग त्याला काहीशे मीटरच टिकवता येतो. इंग्लंडमधील एप्सम डर्बीचे अंतर सुमारे २४०० मीटर. आपल्या महालक्ष्मीवरील इंडियन डर्बीही तेवढीच. आरंभीच बळ उधळले तर घोडा शेवटी गळाठतो. फार राखून ठेवले तर बळ शिल्लक राहते आणि शर्यत मात्र संपते! लगाम केव्हा सैल करायचा, हे जॉकीनेच ठरवायचे. इतरांच्या मागे राहिल्यास वारा कमी लागतो, पण कोंडीत सापडण्याचे भय असते.

१९८५ च्या एप्सम डर्बीत स्टीव्ह कॉथेनने ‘स्लिप अँकर’ला आरंभापासून आघाडीवर ठेवले आणि सात लांबींनी शर्यत जिंकली. (लांबी म्हणजे घोड्याच्या देहाची लांबी.) १९८६ मध्ये ग्रेव्हिल स्टार्कीने ‘डान्सिंग ब्रेव्ह’ला मागे राखले. उतारावरचे वळण संपून सरळ पट्टा लागला तरी तो मागेच होता. मग तो वाऱ्यासारखा सुटला. पण ‘शहरस्तानी’ अर्ध्या लांबीने आधी पोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या लाँगशाँ मैदानावर पॅट एडरीने याच घोड्याला असेच मागे ठेवले, शेवटी बाहेरच्या बाजूने काढले आणि विक्रमी वेळेत जिंकवले.

घोडा तोच, डावही जवळजवळ तोच; मग निकाल वेगळा का? मला वाटते, योग्य क्षण हा एकट्या घोड्यावर अवलंबून नसतो. पुढचे घोडे वेगाने धावून दमले असतील तरच मागून येणाऱ्याचे साधते. शिवाय एप्समला चढउतारांमुळे घोड्याचा तोल सांभाळावा लागतो.

स्टार्कीवर तेव्हा टीकेचा भडिमार झाला. टीकाकारांना निकाल ठाऊक होता. स्टार्कीला तो ठाऊक नव्हता. हातात घड्याळ नाही, मागचे दिसत नाही आणि विचाराला दोन-चार सेकंद! एवढ्यात घेतलेल्या निर्णयाचे मोल केवळ जय-पराजयावरून करणे मला तरी न्याय्य वाटत नाही.