पुण्यात घडलेल्या 'प्रिन्स'ची अपुरी झेप

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती पुणे व मुंबई येथील स्टुडिओंमध्ये तयार होत असल्याची घोषणा युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने १० सप्टेंबर २०२० रोजी केली. एवढ्या नामांकित खेळाची सूत्रे कंपनीने आपल्या भारतीय स्टुडिओंकडे प्रथमच सोपविली होती. २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीखही त्याच वेळी जाहीर करण्यात आली. मात्र पहिली चित्रफीत प्रसिद्ध होताच उत्सुकतेच्या जोडीला शंकाही उभ्या राहिल्या.

या उत्सुकतेमागे जुनी कारणे होती. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा पहिला खेळ तयार केला, तेव्हा त्यांनी आपल्या धाकट्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये 'द सँड्स ऑफ टाइम'द्वारे त्या राजपुत्राला त्रिमितीत आणले. तो भिंतीवरून आडवा धावतो, खांबांवरून झेपावतो आणि चुकून खाली कोसळलाच, तर जादूच्या खंजिराने काळ काही सेकंद मागे फिरवितो. विशेष म्हणजे कथेचा आरंभ भारतात होतो. इराणी सैन्य एका महाराजाचा राजवाडा लुटते, तेथेच हा खंजीर राजपुत्राच्या हाती लागतो आणि पुढे त्याला साथ देणारी फराह ही त्याच महाराजाची कन्या असते.

शंका प्रामुख्याने चित्रांविषयी होत्या. चेहरे निर्जीव वाटतात, प्रकाशयोजना जुनाट दिसते, असा सूर प्रेक्षकांमध्ये उमटला. त्या काळात मोठ्या खेळांची किंमत साधारणतः साठ डॉलर असे. हा खेळ चाळीस डॉलरला मिळणार असल्याने खर्चात हात आखडता घेतल्याचा संशयही व्यक्त झाला. काहींनी भारतीय चमूच्या अनुभवावरही बोट ठेवले. पुण्याचा स्टुडिओ २००८ पासून युबिसॉफ्टकडे असला, तरी मुंबईचा स्टुडिओ २०१८ मध्येच सुरू झाला होता, हे खरे.

परंतु कसरतीच्या खेळाची खरी कसोटी चेहऱ्यावर नसते, ती खेळणाऱ्याच्या बोटांत असते. बटण दाबणे आणि राजपुत्राने भिंतीवर पाऊल टेकविणे यांत क्षणाचाही विलंब झाला, तर सारी लय बिघडते. एका हालचालीतून दुसरी विनाखंड उमलावी लागते. शिवाय अशा खेळातील वास्तूच नायकाच्या पावलांनी मोजलेली असते. भिंतीवरची धाव किती लांब, उडी किती उंच, यावर दोन कठड्यांमधील अंतर ठरते. म्हणूनच जुन्या खेळाला नवे रूप देणे हे रंगकाम नव्हे. धाव थोडी अधिक वास्तव करायची म्हटले, तरी अख्खा राजवाडा पुन्हा मोजावा लागतो. काळ मागे फिरविण्यासाठी तर गेल्या काही सेकंदांतील प्रत्येक हालचालीची नोंद संगणकाला ठेवावी लागते. यांपैकी बहुतेक गोष्टी चित्रफितीत दिसत नाहीत. दिसतो तो चेहरा, आणि निकाल लागला तोही त्याच्यावरच.

पुढील घटनाक्रम निराशाजनक ठरला. प्रकाशन आधी १८ मार्च २०२१ पर्यंत लांबणीवर पडले आणि फेब्रुवारीत तर नवी तारीख न देताच पुढे ढकलण्यात आले. मे २०२२ मध्ये हे काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियल स्टुडिओकडे सोपविण्यात आले. मूळ खेळ जिथे जन्मला तिथेच तो परतला, असे म्हणून चाहत्यांनी समाधान मानले. पुण्यातील तंत्रज्ञांना ते तितके सोपे गेले नसावे. दरम्यान, जानेवारी २०२४ मध्ये याच मालिकेतील 'द लॉस्ट क्राउन' हा वेगळा खेळ फ्रान्समधील माँपेलिए स्टुडिओने आणला आणि त्याची प्रशंसाही झाली. जून २०२४ मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'साठी २०२६ हे वर्ष जाहीर झाले आणि आशा पुन्हा पालवली.

अखेर २१ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे पहिल्या नियोजित तारखेला बरोबर पाच वर्षे होत असतानाच, युबिसॉफ्टने आणखी पाच खेळांसह हा प्रकल्पही रद्द केला. अपेक्षित दर्जा गाठण्यासाठी लागणारा वेळ व पैसा देणे शक्य नसल्याचे कारण कंपनीने दिले. पुण्यात घडलेला राजपुत्र भिंतीवरून कसा धावत होता, हे खेळून पाहण्याची संधी सामान्य खेळाडूंना मिळालीच नाही.