मालक मुलाखतीला येतो तेव्हा

चाकणच्या कारखान्यात माणसं निवडताना कधीकधी समोर कालचा मालक बसतो. परवाचे गृहस्थ भोसरीत तीन लेथ चालवायचे. बायोडेटात ‘प्रोप्रायटर’, नखांत अजून कटिंग ऑइल. ‘साहेबाचं ऐकाल का?’ हा ठरलेला प्रश्न मला फुसका वाटतो. गिऱ्हाइकाचं ऐकण्यातच त्यांची हयात गेलेली. मी विचारलं, बंद करताना आधी कुणाचं भागवलंत? २००६च्या कायद्याप्रमाणे छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. यांचे आठ महिने अडकलेले. ‘पोरांचे पगार आधी. त्यासाठीच मशीनं विकली.’

जीएसटी नंबर रद्द केलात? (रात्री जुनी गिऱ्हाइकं सांभाळणारा मला नको.) त्यांनी कागदच पुढे सरकवला. पगाराची अपेक्षा सांगताना मात्र अडखळले. स्वतःला पगार कधी लावलाच नव्हता.