मास्टर विनायक: हसं करून घेणारा नायक

‘ब्रह्मचारी’ म्हटलं की लोकांना आठवतो तो मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख! पीएचडीसाठी मास्टर विनायकांवर काम करताना मला मात्र दुसरंच धाडस दिसतं.

१९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात काम केलेल्या विनायकांनी १९३६ साली बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत ‘हंस पिक्चर्स’ काढली. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्र्यांची. दिग्दर्शक विनायक, नायकही तेच. पण भूमिका कसली? भाषण ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेणाऱ्या आणि किशोरी भेटताच गडबडणाऱ्या औदुंबरची!

म्हणजे कॅमेरा स्वतःच्या हाती असताना त्यांनी स्वतःचंच हसं करून घेतलं. पोशाखापेक्षा हे धाडस मोठं, नाही का? १९४७ साली ते गेले, अवघ्या ४१व्या वर्षी.