कागद आधी, प्रोग्रॅम मागून

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सध्या फोनवर एकच विषय चालू असतो. पुण्यातल्या, ठाण्यातल्या नाहीतर पार्ल्यातल्या जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट! आई-वडील ऐंशीच्या घरात, भाऊ सिंगापूरला, आपण इकडे अमेरिकेत, आणि तिकडचा वकील दर आठवड्याला एक नवा कागद मागतोय. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, कुलमुखत्यारपत्र, त्यावरचं अपॉस्टिल, कॉर्पोरेशनच्या टॅक्सची पावती. कागद सगळे आहेत हो, कॉम्प्युटरवरच आहेत. पण कुठे? भावाचं पत्र ई-मेलमध्ये, हिशेब एक्सेलमध्ये, मसुदा वर्डमध्ये, पावतीचा फोटो मुलीच्या वाढदिवसाच्या केकशेजारी, आणि बिल्डरने तोंडी काय कबूल केलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर. काम एक, जागा पाच.

यात दोष आपल्या वेंधळेपणाचा नाही, रचनेचा आहे, असं मी इंजिनिअर म्हणून ठामपणे सांगतो. आजोबांच्या ट्रंकेत कागदांचे रुमाल असत. (रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कागद बांधून ठेवायचं चौकोनी फडकं. पेशवे दफ्तरातले कागदही असेच रुमालांत बांधलेले.) एक रुमाल शेताचा, एक कोर्टाच्या दाव्याचा. दाव्याचा रुमाल सोडला की अर्ज, पावत्या, पत्रं सगळं समोर. कुठला कागद बोरूने लिहिला आणि कुठला टाकाने, याची चौकशी कोणी करत नसे. आपला कॉम्प्युटर मात्र नेमकी तीच चौकशी आधी करतो. आधी प्रोग्रॅम उघडा, मग कागद शोधा!

गंमत म्हणजे सुरुवात अशी नव्हती. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. पडद्यावर टेबल, टेबलावर कागद आणि फोल्डर, ही कल्पना विकायला आलेली ती पहिलीच. त्यात प्रोग्रॅम सुरू करणं हा प्रकारच नव्हता. कागद उघडायचा आणि कामाला लागायचं. ‘हलवा’, ‘नक्कल करा’, ‘पुसा’ अशी मोजकी बटणं होती आणि ती पत्रात, आकृतीत, फोल्डरवर सगळीकडे सारखीच चालत. पण एका यंत्राची किंमत १६ हजार डॉलरच्या वर! दोन वर्षांनी, जानेवारी १९८३ मध्ये, अ‍ॅपलची ‘लिसा’ आली ती ९,९९५ डॉलरला. तिच्यात कोऱ्या कागदांचं पॅड असे, त्यातला एक कागद फाडून घ्यायचा. बंद करायचं बटण दाबलं की ती आपणहून सगळं जपून ठेवी आणि पुन्हा सुरू केल्यावर टेबल जसंच्या तसं मांडून देई. दोन्ही यंत्रं आपटली. त्यांच्या मागून स्वस्त यंत्रं आली, त्यांच्याबरोबर खोक्यातून विकले जाणारे प्रोग्रॅम आले, आणि कागद मागे पडला.

नव्वदीच्या दशकात अ‍ॅपलने आयबीएमसारख्यांना बरोबर घेऊन ‘ओपनडॉक’ नावाचा आणखी एक प्रयत्न केला. कागद तुमचा, त्यातला तक्ता एका कंपनीच्या अवजाराने करा, चित्र दुसरीच्या. कल्पना झकास, पण तेव्हाच्या यंत्रांना ती जड गेली. शिवाय एक व्यवहाराची अडचण होती. ज्यांचा धंदा अख्खा प्रोग्रॅम विकण्यावर चालतो त्यांनी दुसऱ्याच्या कागदात एक कोपरा का मागावा? मार्च १९९७ मध्ये अ‍ॅपलने तो गाशा गुंडाळला. माझ्या मते तंत्रापेक्षा या धंद्याच्या गणितानेच तो मारला.

मग आज कोणी नव्याने रचना करायला बसलं तर काय करावं? माझं उत्तर, एकक ‘काम’ धरावं. ‘पुण्याचा फ्लॅट’ हा रुमाल सोडला की त्यातली पत्रं, हिशेब, फोटो, वकिलाचा फोन नंबर सगळं काल सोडलं होतं तसं समोर यावं. काम संपलं की गाठ मारून माळ्यावर. ऐकायला सोपं, पण खरी मेख पुढे आहे. टॅक्सची पावती फ्लॅटच्या रुमालात की इन्कम टॅक्सच्या? खऱ्या कागदाला एकच जागा मिळते. कॉम्प्युटरवर तोच कागद, नक्कल न करता, दोन्हीकडे दिसू शकतो. नक्कल केलीत तर सहा महिन्यांनी कुठली खरी हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

आणि टेबलावरच्या पसाऱ्याला नावं ठेवू नका बरं का! टॉमस मलोन यांनी १९८३ साली ऑफिसात काम करणाऱ्या दहा जणांची टेबलं अभ्यासली. त्यांना दिसलं, की वर पडलेला गठ्ठा नुसता आळस नसतो, ‘हे व्हायचंय’ याची ती आठवण असते. नीट लावून कपाटात गेलेला कागद डोळ्याआड होतो आणि डोक्याआडही. म्हणून अर्धवट कामं पडद्यावर दिसत राहिलीच पाहिजेत.

कागद प्रोग्रॅमच्या दावणीला बांधला की काय होतं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या मंडळांचे कितीतरी जुने अंक अशा फॉन्टमध्ये जुळवलेले आहेत, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. तो फॉन्ट नसला, की संपादकीयाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा! युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण ती घराघरातल्या कॉम्प्युटरवर पोचेपर्यंत बरीच वर्षं गेली. त्या मधल्या काळातलं लेखन ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते बदलून घ्यावं, किंवा निदान छापील प्रत तरी टाकू नये.

तोवर आमच्या घरी गावठी उपाय चालू आहे. कामाच्या नावाचा फोल्डर, आत सगळं पीडीएफमध्ये, ई-मेलसुद्धा. आणि सर्वात वर ‘आधी हे वाचा’ नावाचा साध्या मजकुराचा एक कागद. कोण वकील, काय झालं, काय राहिलं. मला उद्या काही झालं तर बायकोला हे सगळं एकटीने निस्तरता आलं पाहिजे, हा हेतू. गेल्या महिन्यात तिची परीक्षा घेतली. वीस मिनिटांत तिने सगळे कागद काढून दाखवले, एक सोडून. वाढीव चटईक्षेत्राबद्दल बिल्डरने जे कबूल केलं होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. तेही माझ्या फोनवर, आणि त्याचा पासवर्ड तिच्याकडे नव्हता.