पुसण्याआधीची पाच पावलं

जुन्या मदरबोर्डवर, चौकोनी सॉकेटमध्ये बसवलेली बत्तीस पायांची एक काळी चिप असते. संगणकाला वीज मिळाली की प्रोसेसर आपल्या अगदी पहिल्या सूचना या चिपमधून वाचतो. कीबोर्ड, डिस्क, पडदा हे सारं त्यानंतर जागं होतं. वीज गेली तरी हिच्यातला मजकूर टिकतो आणि गरज पडली तर तो बदलताही येतो. पेच या दुसऱ्या गुणात आहे. जी स्मृती मुद्दाम बदलता येते, ती चुकूनही बदलू शकते. मग ‘आता खरोखर पूस’ हे चिपला कळावं कसं?

उत्तरासाठी थोडं मागे जायला हवं. १९६७ साली बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ची कल्पना मांडली. ट्रान्झिस्टरमध्ये चहूबाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेला वाहकाचा एक तुकडा ठेवायचा. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की ते वर्षानुवर्षं आतच राहतात. १९७१ मध्ये इंटेलच्या डोव्ह फ्रोहमन यांनी याच तत्त्वावर ईप्रॉम ही पुसता येणारी स्मृती घडवली. ती पुसायची तर सॉकेटमधून काढून, तिच्या क्वार्ट्झच्या खिडकीतून अतिनील दिव्याचा प्रकाश बराच वेळ पाडावा लागे. तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जी फ्लॅश स्मृती जगापुढे ठेवली, तिच्यात मजकुराचा मोठा भाग विजेनेच, एका झटक्यात पुसता येऊ लागला.

या स्मृतीचा मूळ नियम एकतर्फी आहे. पुसलेल्या जागेतला प्रत्येक बिट १ असतो. लिहिणं म्हणजे हव्या त्या बिटमध्ये इलेक्ट्रॉन भरून त्याचा ० करणं. पण एकट्या ०चा पुन्हा १ करता येत नाही; त्यासाठी तो अख्खा विभाग पुसावा लागतो. एखादं अक्षर चुकलं की पाटी पूर्ण पुसूनच पुन्हा लिहायची, तसं हे आहे. म्हणून पुसण्याची आज्ञा सर्वांत धोक्याची.

बारा व्होल्टचं कुलूप

इंटेलच्या २८एफ०१० सारख्या सुरुवातीच्या फ्लॅश चिपला लिहिण्या-पुसण्यासाठी वेगळ्या पायावर १२ व्होल्ट द्यावे लागत. ते नसतील तर चिपचा आज्ञा ऐकणारा भागच बंद राही. पुसण्याची सगळी यातायातही प्रोसेसरला करावी लागे. आधी सर्व बाइट शून्य करायचे, मग पुसण्याची आज्ञा लागोपाठ दोनदा द्यायची, १० मिलिसेकंद थांबायचं, प्रत्येक बाइट तपासायचा आणि कसर राहिली तर पुन्हा तेच. आधी शून्य करण्याचं कारण असं, की आधीच रिकाम्या असलेल्या पेशीतून, म्हणजे बिट साठवणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून, आणखी इलेक्ट्रॉन ओढले गेले तर ती कायमची गळकी होऊन शेजारच्या पेशींचं वाचनही बिघडवते.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एएमडीसारख्या कंपन्यांनी फक्त ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिप आणल्या. लागणारा चढा विद्युतदाब चिप आतल्या आत तयार करू लागली, पुसण्याची आणि तपासण्याची आवर्तनंही तिने स्वतःकडे घेतली. मदरबोर्ड बनवणाऱ्यांची मोठी सोय झाली. मात्र १२ व्होल्टचं कुलूप त्यासोबतच गेलं. आता तीच वीज आणि त्याच तारा वाचायलाही पुरत होत्या, पुसायलाही. कुलपाचं काम आज्ञांच्या क्रमाकडे आलं.

तेवीस तारांची कसोटी

उदाहरणादाखल एसएसटी कंपनीची ३९एसएफ०४० ही चिप घेऊ. क्षमता ५१२ किलोबाइट, प्रत्येकी ४ किलोबाइटचे १२८ विभाग. आज्ञेसाठी वेगळा पाय तिला नाही. तिला दिसतो तो पत्ता, आठ बिटांचा आकडा आणि ‘लिही’ असा इशारा. आकडे षोडशमान पद्धतीत लिहितात, म्हणजे १० ते १५ साठी ए ते एफ ही अक्षरं. एक बाइट लिहायचा तर चार पावलं: ५५५५ या पत्त्यावर एए, २एएएवर ५५, पुन्हा ५५५५वर ए०, आणि चौथ्या पावलाला खरा पत्ता व खरा मजकूर. पहिली तीन लेखनं कुठेही साठत नाहीत. चिपमधलं अवस्थायंत्र ती फक्त ओळखतं.

विभाग पुसायला सहा पावलं लागतात. एए, ५५, ८०, पुन्हा एए, पुन्हा ५५ आणि अखेरीस त्या विभागाच्या पत्त्यावर ३०. शेवटी ३०च्या जागी ५५५५वर १० आलं तर अख्खी चिप कोरी होते. आधीच्या पाचांत एकही पाऊल चुकलं तर पुसणं सुरूच होत नाही.

हेच आकडे का? ते द्विमान पद्धतीत मांडले की रचना उलगडते. एए म्हणजे १०१०१०१०, ५५ म्हणजे ०१०१०१०१. आज्ञा ओळखताना चिप पत्त्याच्या खालच्या पंधरा तारा पाहते, आणि त्या पंधरांत ५५५५ व २एएए हेही एकमेकांचे नेमके उलट आहेत. पहिल्या पावलाकडून दुसऱ्याकडे जाताना पत्त्याच्या पंधरा आणि मजकुराच्या आठ, अशा तेवीसच्या तेवीस तारांनी आपली स्थिती पालटावी लागते. एखादी तार अडकलेली असो, शेजारच्या दोन तारा चिकटलेल्या असोत, किंवा वीज बंद होताना प्रोसेसर भरकटून वाटेल तिथे वाटेल ते लिहीत असो, हा क्रम योगायोगाने जुळणं जवळपास अशक्य. जोडीला आणखी दोन पहारे आहेत: ५ नॅनोसेकंदांहून छोटा ‘लिही’ इशारा ही चिप मानत नाही आणि पुरवठा २.५ व्होल्टच्या खाली गेला की लिहिणं थांबवते.

काम सुरू झालं की त्या जागी मजकुराऐवजी स्थिती वाचायला मिळते. लेखन चालू असेतो सातवा बिट खऱ्या मूल्याच्या उलट दिसतो, सहावा दर वाचनाला पालटत राहतो. काम संपलं की दोन्ही स्थिर. म्हणूनच पुसणारा प्रोग्रॅम त्याच चिपमधून चालवता येत नाही. त्याला पुढची सूचना हवी असते आणि हाती पडते स्थिती. तो आधी रॅममध्ये नेऊन ठेवावा लागतो.

२६ एप्रिल १९९९

इतक्या काटेकोर क्रमाची मर्यादा त्या दिवशी उघड झाली. तैवानच्या चेन इंग-हाऊ यांच्या आद्याक्षरांवरून सीआयएच नाव पडलेला व्हायरस आदल्या वर्षी विंडोज ९५ आणि ९८ च्या संगणकांत पसरला होता. ठरल्या तारखेला त्याने डिस्कचा सुरुवातीचा भाग शून्यांनी भरला. शिवाय मदरबोर्डवरच्या चिपसेटमधून लेखनाची वाट मोकळी करून बायॉसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या त्या पहिल्या सूचनांच्या, फ्लॅश चिपला तीच एए-५५ची पावलं दिली. जिथे हे साधलं तिथे संगणक सुरूच होईना, कारण सुरू कसं व्हायचं हे सांगणारा मजकूरच नष्ट झाला होता. चिप बदलणं किंवा बाहेर काढून पुन्हा भरणं, एवढाच इलाज उरला. ज्या बोर्डांवर लेखन रोखणारा जंपर लावलेला होता, तिथे बायॉस बचावलं.

म्हणजे हा क्रम परवलीचा शब्द नव्हे. तो चिपच्या डेटाशीटमध्ये उघड छापलेला असतो आणि तसा असायलाच हवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत बंद पडलेल्या लॅपटॉपच्या चिपला क्लिप लावून बायॉस पुन्हा भरणारा कारागीर याच उघडेपणावर पोट भरतो. आज त्याच्यासमोर बहुधा आठ पायांची एसपीआय चिप असते. पत्त्याच्या तारा गेल्या, पण शिस्त टिकली. ९एफ ही आज्ञा दिली की विनबाँड कंपनीची डब्ल्यू२५क्यू१२८ आपली ओळख ईएफ, ४०, १८ अशी सांगते. दर लेखनाआधी ०६ ही परवानगीची आज्ञा द्यावी लागते आणि एक काम झालं की ती परवानगी आपोआप रद्द होते. पेनड्राइव्हमधल्या नँड फ्लॅशलाही विभाग पुसायला ६०, मग पत्ता, मग पक्कं करणारा डी० लागतो.

पाव शतक उलटूनही सीआयएचचा धडा जुना झालेला नाही. आज्ञांचा क्रम अपघात अडवतो. ज्याला तो क्रम पाठ आहे त्याला अडवायला तारच लागते. लेखन रोखणारा पाय आठ पायांच्या छोट्या चिपवर आजही आहे, पण स्थिती-रजिस्टरमधले संरक्षक बिट बसवून तो पाय बोर्डवर नीट जोडला तरच त्याचा उपयोग. यंत्रं बनवणाऱ्यांनी आज्ञा उघड्या ठेवाव्यात, म्हणजे दुरुस्ती शक्य राहते. आणि तो एक पाय जोडण्याचा कंटाळा करू नये, कारण हुकूम देणाऱ्याचा हेतू चिपला कधीच कळत नाही.