जुन्या ट्रॅक्टरची उचल आणि तिच्यातील लहानशी झडप

लोणंदची बाजारपेठ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात बाजार समितीच्या आवाराबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते आणि त्या ओढणाऱ्यांत वय झालेले मॅसी ट्रॅक्टर अजूनही दिसतात. पेढीबरोबर शेतीही सांभाळणारी व्यापारी कुटुंबे असा जुना ट्रॅक्टर घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, कागदपत्रे तपासतात. हायड्रॉलिक मात्र एकदा वरखाली करून पाहिले की झाले, असा समज असतो. खर्चाचा खड्डा पुष्कळदा तिथेच असतो.

या ट्रॅक्टरांच्या मागील पेटीत, तेलात बुडालेला एक पंप असतो आणि त्याच्यावर हुकूम चालतो तो बोटाएवढ्या कंट्रोल व्हॉल्व्हचा. ही झडप पंपाच्या तेल शोषून घेण्याच्या वाटेवर बसवलेली असते. तरफ वर केली की वाट उघडते, पंप तेल खेचून उचलीच्या सिलिंडरमध्ये दाबतो आणि नांगर उचलला जातो. मधल्या स्थितीत दोन्ही वाटा बंद राहतात. पंप फिरतो, पण त्याला तेल मिळत नाही, आणि कोंडलेले तेल भार तोलून धरते. तरफ खाली आणताच तेलाला परतीची वाट मिळते व नांगर स्वतःच्या वजनाने उतरतो. शिवाय फाळ कठीण मुरमाला अडला, की टॉपलिंकवरचा दाब स्प्रिंगमार्फत याच झडपेला हलवतो आणि चालकाने हात न लावता नांगर किंचित वर येतो.

ही युक्ती आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. १९३८ साली त्यांनी हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. फोर्ड यांच्या नातवाच्या काळात तो मोडला, खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये फोर्ड कंपनीने साडेब्याण्णव लाख डॉलर देऊन तडजोड केली. शोषणाच्या वाटेवरची ही झडप यापुढे वापरणार नाही, हेही तिला मान्य करावे लागले. तोंडी व्यवहाराचे मोल आणि धोका, दोन्ही पेढीवर बसणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. पुढे फर्ग्युसन यांचा व्यवसाय मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाला आणि १९६० मध्ये चेन्नईत स्थापन झालेल्या टॅफेमुळे ही पद्धत आपल्या शिवारात आली.

खरेदीपूर्वीची परीक्षा सोपी आहे. जड अवजार लावून उचलावे, इंजिन बंद करावे, उंचीची खडूने खूण करावी आणि चहा घेऊन परत यावे. अवजार बरेच खाली आले असेल तर तेल कुठेतरी निसटते आहे. इंजिन चालू असताना उचल सारखी मान डोलावत असेल, तर तेच लक्षण: तेल गळते, पंप भरून काढतो. अशा वेळी ‘पंपच बदला’ हा सल्ला लगेच मानू नये. सिलिंडरच्या दट्ट्याचे सील झिजले असेल तर दुरुस्ती पंपाच्या मानाने किरकोळ असते. उचलच येत नसेल तर प्रथम तेलाची पातळी आणि गाळणी पाहावी. तेल ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. झडप आणि तिचे घर एकमेकांस अत्यंत बारकाईने जुळवलेले असते; तिला पॉलिश पेपरने घासून ‘साफ’ करणारा मिस्त्री गळती वाढवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र पैशांच्या हिशेबात बसणारी नाही. उचललेले अवजार किंवा डंपिंग ट्रॉली केवळ तेलाच्या दाबावर उभी असते. नट आवळण्यासाठी तिच्याखाली शिरलेल्या माणसाला झडप किंवा पाइप सुटताना सावध होण्यास क्षणही मिळत नाही. म्हणून अवजार आधी जमिनीवर टेकवावे. ट्रॉलीखाली जाणे अटळच असेल तर भक्कम लोखंडी टेकू द्यावा, विटांचा नव्हे. पाइपची गळती हात फिरवून शोधू नये, पुठ्ठा धरावा. बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम सुई टोचल्याइतकीच दिसते, पण त्याच दिवशी, लगोलग रुग्णालय गाठावे लागते.